सुईच्या माथ्यावरचं बोट

फाल्गुन लागला की आमच्याकडच्या कुंपणांना रंग चढतो. शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, तूर घरात आलेली असते, आणि बायका ट्रंकेच्या तळातली विरलेली लुगडी, साड्या, धोतरं काढून धुतात आणि तुराट्यांच्या कुंपणावर वाळत घालतात. गोधड्या शिवायचे दिवस आले, एवढाच त्याचा अर्थ. फुलसावंगीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हे रंग फडफडताना दिसतात, मागे पळस पेटलेला असतो. गाडी थांबवून त्याचे फोटो काढणारे लोकही मी पाहिलेत. मला मात्र ते दिसलं की तळहाताला घाम येतो. गाडीची मूठ निसटते की काय असं वाटतं. यंदाही वाटलं. म्हणून रस्त्याच्या कडेला थांबले, ओढणीला हात पुसले, आणि ठरवलं की हे एकदा लिहून टाकायचं.

भीतीबद्दल लिहायची मला सवय नाही. मी पत्रकं लिहिते. कॉलेजात होते तेव्हापासून लिहितेय, आणि खळीची बादली घेऊन ती भिंतींवर चिकटवतेही आहे. भिऊ नका, एकत्र या, जाब विचारा. पत्रकात घाबरायला जागा नसते. तिथे कोणीतरी चूक असतो, त्याचं नाव घ्यायचं असतं आणि खाली सभेची वेळ टाकायची असते. या भीतीच्या खाली मला कसलीच वेळ टाकता येत नाही.

काही वर्षांपूर्वी फुलसावंगीच्या अलीकडच्या एका गावात आम्ही गोधडीचा वर्ग चालवत होतो. ज्या संस्थेने मला तिथं पाठवलं होतं तिने एक तक्ताही दिला होता: प्राथमिक, मध्यम, प्रगत. प्राथमिक गटाने सरळ टाका शिकायचा आणि पिशवी शिवायची. मध्यम गटाने तुकडे जोडून उशीचे अभ्रे करायचे. प्रगत गटाने कोपरे वळवायचे, आरसे लावायचे, मोठी गोधडी पुरी करायची. शिकवायला गावातल्याच शेवंताकाकू. घरची कपाशी, घरची तूर आणि घरचंच तोंड, तिन्ही जोरात. त्यांनी तक्ता समाजमंदिराच्या भिंतीवर खिळ्याला अडकवला आणि म्हणाल्या, "राहू द्या तथीच, शोभते. आमी हात पाहून बसवतो."

मग त्यांनी एकेकीला फडक्याच्या तुकड्यावर वीतभर टाके घालायला लावले. टाके पाहायच्या आणि जागा सांगायच्या. त्यांच्या वर्गात बालवाडी होती, शाळा होती आणि कालेज होतं. कालेजात बंजारा तांड्यावरच्या कमलाबाई एकट्याच. त्यांना सगळ्या याडी म्हणायच्या. याडी म्हणजे आई. आरसे आणि कवड्या त्यांच्या बोटांना लहानपणापासून ओळखत असाव्यात. खाली न पाहता त्या काम करायच्या. मी बालवाडीत.

"ताई," माझं फडकं उजेडात धरून शेवंताकाकू म्हणाल्या, "हे टाके हाय का कोंबडी चालत गेली?"

"शिकून राह्यले ना काकू."

"शिका. कोंबडीबी घरी पोचतेच शेवटी."

मी पुसदची. घरात सगळे नोकरदार, आणि माझी वऱ्हाडी त्या वर्गात येऊनच परत सैल झाली. तिथं बसून मला राग यायचा तो निराळ्याच गोष्टीचा. हा कापसाचा जिल्हा. या बायका दिवाळीपासून कापूस वेचतात, बोंडाची टोकं लागून त्यांची बोटं चिरलेली असतात. आणि त्यांच्या स्वतःच्या अंथरुणात कापूस नसतो. फाटक्या साडीवर फाटकी साडी, तिच्यावर धोतर, हीच ऊब. त्यालाच शहरात कोणी कला म्हणतं आणि काचेत लावतं. मी हे तावातावाने बोलले की याडी मान हलवायच्या आणि सुईत दोरा ओवून द्यायच्या, म्हणजे निदान हात तरी चालू राहावेत.

हातात मात्र द्यायच्या नाहीत. कोणीच द्यायचं नाही. सुई हातातून हातात दिली की दोघींत भांडण लागतं, असं तिथं मानतात. तिथंच कशाला, आमच्या घरीही माझी आई मानते. म्हणून देणारी सुई कापडात खोसते आणि हात काढून घेते. घेणारी ती तिथून उचलते. वर्गात दिवसभर हे चालायचं. या टोकाची बाई खोसायची, त्या टोकाची उचलायची. मला ते पाहवत नसे. मी त्यावर एक पत्रकच लिहिलं: सुईने भांडण लागत नाही, भांडण अन्यायाने लागतं. आणि ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं.

शेवंताकाकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बराबर हाय," त्या म्हणाल्या. "माया जावेनं मले कधीच हातात सुई नाई देल्ली. तरी लागलंच आमचं."

"मग झालं तर," मी म्हणाले.

"झालं नं. पण आमी खोसूनच देऊ."

सगळ्या हसल्या. याडीसुद्धा.

दाराशी एक पोरगी बसायची, ललिता. शेवंताकाकूंच्या बहिणीची मुलगी. बाळंतपणाला माहेरी आली होती. मागच्या खेपेला तिच्या पोटातलं राहिलं नव्हतं, म्हणून या खेपेला ती कशालाच हात लावत नव्हती. झबलं नाही, टोपडं नाही, पाळण्याचं नावसुद्धा नाही. सुईदोऱ्यापासून लांब, उंबऱ्याला टेकून, ती आमची बडबड ऐकायची. कोणी तिच्या पोटाकडे पाहिलं तरी पदर ओढून घ्यायची. एक दिवस शेवंताकाकूंनी मऊ पडलेली लुगडी निवडून लहान आकार बेतला, तेव्हा ती उंबऱ्यावरूनच म्हणाली, "मायासाठी काई शिवू नका वो मावशी."

"तुह्यासाठी कोण शिवून राह्यलं? बालवाडीचा धडा हाय हा. लहान वाकय शिवली की हात बसते."

वाकय म्हणजे वाकळ, गोधडी. धडा कोणासाठी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. ललितालाही. तिने तोंड फिरवलं आणि बाहेर पाहत बसली.

तिच्या आजीचं लुगडं, बापाचं धोतर, याडीच्या जुन्या ओढणीची कड, माझी कॉलेजातली कुडती. सगळं धुऊन, उन्हं देऊन, एकावर एक पसरलं. चारी बाजूंनी आम्ही बसलो आणि कडेकडून आत शिवत गेलो. कोणाचा टाका तांदळाएवढा, कोणाचा शेंगेएवढा. माझी कोंबडी एका कडेने चालत गेली ती शेवटपर्यंत. गोधडीचं तोंड बंद करायच्या आधी शेवंताकाकूंनी ज्वारीचे चार दाणे आत सोडले. वाकय उपाशी नाई देत, म्हणाल्या. त्यावर मी पत्रक लिहिलं नाही. खरं सांगायचं तर ते मला आवडलं.

शेवटचा कोपरा याडी वळवणार होत्या. त्यासाठी बारीक सुई हवी होती, आणि तशी सुई शेवंताकाकूंकडेच होती. वापरून वापरून केसासारखी झालेली. त्यांनी आपल्या बाजूचा दोरा तोडला, सुई गोधडीच्या कडेत खोसली आणि हात काढून घेतला. याडी पुढे झुकल्या. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मावशी."

ओरडली नाही ती. दाराची चौकट धरून उभी होती आणि पायाखालची जमीन ओली झाली होती.

मग एकच धावपळ. कोणी ऑटो आणायला पळालं, कोणी तिच्या आईला बोलवायला. आई आली ती पायात चपलाही न घालता. ललिता ऑटोत बसली, आई बसली, कपड्यांचं बोचकं आत गेलं. ऑटो सुरू झाल्यावर कोणीतरी ती लहान गोधडी गोळा करून आत टाकली. कोणी टाकली हे नंतर कोणालाच आठवलं नाही. याडींनी झटकन दाताने आपल्या बाजूचा लोंबणारा दोरा तोडला होता, एवढं मला दिसलं होतं. कोपरा वळवायचा राहिला तो राहिला. ऑटो पुसदच्या रस्त्याला लागला आणि आम्ही सगळ्या धुळीत उभ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ऑटोवाला गावात परत आला. पोरगी झाली, म्हणाला. दोघी बऱ्या हायेत. समाजमंदिराच्या ओट्यावर एका बाईने गुळाचा खडा फोडला. शेवंताकाकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. ऑटोवाला गूळ चघळत म्हणाला, "आजीनं तुमच्याच वाकयीत गुंडाळून दाखवली मले. रातभर त्यातच झोपली म्हणे, चूप."

वर्ग भरला. त्या दिवशी बालवाडीसुद्धा सरळ शिवत होती. शेवंताकाकूंनी ब्लाउजच्या खांद्यावर हात नेला, जिथं त्या सुई लावून ठेवायच्या. मग दुसऱ्या खांद्यावर. मग पदर उलटा करून पाहिला.

"याडी, मायी सुई देजो वो."

"कोणती?"

"बारीक. काल खोसली नाई का तुह्यासाठी."

"मी कुठी घेतली?" याडी म्हणाल्या. "हात लावाच्या आधीच पोरीनं आवाज देल्ला. मले वाटलं तूच परत काढली."

सगळ्यांनी एकदम चटईच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, जिथं काल ती लहान गोधडी पसरली होती.

तरी आम्ही शोधलं. चटया झटकल्या, झाडू फिरवला, कोपऱ्यातला केर बोटांनी चाळला. मी ललिताच्या आईला फोन लावला. रिंग गेली, आणि ती शेजारच्या बंद घरातून ऐकू आली. फोन चार्जिंगला लावून बाई अनवाणी निघून गेली होती. ऑटोवाल्याला कोणी ओरडून थांबवायच्या आत तो भाडं घेऊन उमरखेडकडे गेलेला. दवाखान्याचा नंबर कोणाकडेच नव्हता. होतं ते फक्त ऑटोवाल्याने सांगितलेलं दवाखान्याचं नाव.

शेवंताकाकू माझ्या गाडीवर मागे बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा, असं त्या नंतर म्हणाल्या. दोन्ही हातांनी त्यांनी माझे खांदे असे धरले होते की नखं कापडातून आत लागत होती.

त्या रस्त्याबद्दल मी अजूनही नीट सांगू शकत नाही. महागाव आलं आणि गेलं. बाजारात सोयाबीनच्या पोत्यांचे ट्रॅक्टर आडवे उभे होते आणि मी कोणाला तरी शिवी दिली. पुढे दोन्ही बाजूंना उघडी काळी शेतं, मधे मधे पळस. पळस पाहिला की मला रक्ताचाच रंग दिसायचा. सुई किती लहान असते. मोठ्या माणसाच्या तळपायात गेली तर माणूस ओरडतो, दाखवतो, काढून घेतो. एका दिवसाचं मूल काय दाखवणार? ते रडेल. आणि सगळे म्हणतील, लहान लेकरं रडतातच. आणि ऑटोवाला म्हणाला होता, चूप. रात्रभर चूप. मूल चूप का असतं? झोपलं म्हणून? की...

मला राग करायचा होता. रागावर मी गाडी चालवू शकते, सभा चालवू शकते. पण राग करायचा कोणावर? रूढीवर? ती समोर येऊन उभी राहत नाही. शेवंताकाकूंवर? त्या माझ्या पाठीला चिकटून बसल्या होत्या. माझं पत्रक बरोबर होतं, शब्द न् शब्द बरोबर होता, आणि त्या बरोबर असण्याची मला शिसारी येत होती. तोंड उघडलं असेल मी कदाचित, कारण मागून आवाज आला, "तुमच्या कागदात हाय ते आता नका बोलू, ताई. गाडी चालवा."

"मी काहीच बोलत नाही काकू."

"मंग हळू काहून चालवून राह्यल्या?"

दवाखान्याच्या जिन्यावरच रडणं ऐकू आलं. शेवंताकाकू थबकल्या. मग दुसरं रडणं, तिसरं. बाळंतिणींच्या खोलीत पोरं रडत होती आणि प्रत्येक आवाजाला आम्ही दोघी वळून पाहत होतो. ललिताच्या खाटेवरून मात्र काहीच आवाज नव्हता. ती स्वतः झोपली होती. तिची आई खाली भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर ती गोधडी. गोधडीत एक लाल, सुरकुतलेलं तोंड.

शेवंताकाकूंनी खाली वाकून मुलीला गोधडीतून उचललं. उघडी, नुसती. बहीण म्हणाली, "अवं, थंडी लागन तिले." शेवंताकाकूंनी ऐकलंच नाही. त्या तिचं अंग पाहत होत्या. मान, पाठ, काख, तळवे. मी गोधडी आपल्याकडे ओढून घेतली होती, पण माझी नजर मुलीवर होती. म्हणून तो ठिपका आम्हा दोघींना एकदमच दिसला. मांडीवर, बाहेरच्या बाजूला, लाल. सुईच्या टोकाएवढा.

शेवंताकाकूंनी मूल घट्ट धरलं. मला वाटलं मी ओरडले; पण तोंडातून नुसती हवा निघाली असावी, कारण ललिता जागी झाली नाही. जागी झाली ती मुलगी, आणि जोरात रडायला लागली.

पांढऱ्या कपड्यातली सिस्टर आली. "काय झालं? उघडी काहून केली तिले?"

मी ठिपक्याकडे बोट दाखवलं.

"इंजेक्शन आहे ते," सिस्टर म्हणाली. "जन्मल्यावर सगळ्यांना देतो. मीच दिलं. झाका तिला."

शेवंताकाकूंनी तिला परत विचारलं. मग आणखी एकदा. सिस्टरने कंटाळून शेजारच्या खाटेवरचं बाळ उघडून त्याच्या मांडीवरचा ठिपका दाखवला. तेव्हा शेवंताकाकू हसायला लागल्या, आणि ते हसणं मधेच थांबलं. कारण मग सुई अजून गोधडीतच होती.

आम्ही ती बाहेर व्हरांड्यात उन्हात नेली. फरशीवर पसरली आणि एका कडेपासून बोटांनी दाबत निघालो. काहीतरी टणक लागलं. दोघींचे हात थांबले. ज्वारीचा दाणा. पुढे पुन्हा टणक. पुन्हा दाणा. मग शेवंताकाकूंनी सिस्टरकडून कात्री मागून आणली आणि आम्ही उसवायला लागलो. तांदळाचे टाके, शेंगेचे टाके, माझी कोंबडी. सगळ्या वर्गाची मेहनत आम्ही आलटून पालटून कापत होतो. आजीचं लुगडं निराळं झालं, बापाचं धोतर निराळं झालं. सुई सापडली ती वरच्या कडेला, दोन थरांच्या मधे. ओढाताणीत ती पूर्ण आत सरकली होती, वरून नखाएवढीही दिसत नव्हती. सरळ, आडवी, चकचकीत. टोक आतल्या बाजूला. मुलीचं डोकं ज्या कडेला येत होतं, तीच कड.

टोक तिच्यापर्यंत पोचायला एका कुशीचं अंतर होतं. एका दिवसाचं मूल कुशीवर वळत नाही, म्हणून ती वाचली. याला मी नशीब म्हणत नाही. कशाला काय म्हणायचं ते मला त्या दिवसापासून नीट कळेनासं झालंय.

ललिता उठून दारात आली होती. भिंत धरून. उसवलेले थर तिने पाहिले, माझ्या तळहातावरची सुई पाहिली. तिला सगळं कळलं असावं. मला वाटलं ती आता आमच्यावर तुटून पडेल. मी तयारच होते. ती हळूहळू खाली बसली आणि म्हणाली, "आता परत शिवा."

"घरी नेऊन शिवतो माय," शेवंताकाकू म्हणाल्या.

"नाई. अथीच. माया डोयासमोर."

म्हणून त्या व्हरांड्यातच आम्ही थर पुन्हा एकावर एक ठेवले. सुई तीच, दुसरी होती कुठे? शेवंताकाकूंनी एक कड शिवली आणि पलीकडची कड माझ्याकडे आली. मी तळहात पुढे केला. मी आयुष्यभर तोच पुढे करत आलेय. शेवंताकाकूंनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी सुई कापडात खोसली.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. एवढं होऊन? एवढं सगळं होऊन?

पण त्यांनी हात काढून घेतला नव्हता. त्यांचं बोट सुईच्या माथ्यावर तसंच टेकलेलं होतं आणि त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या. मी सुई धरली. तरी बोट तिथंच.

"घेतली?"

"घेतली."

"दाखवा."

मी सुई कापडातून ओढून वर धरली. मग त्यांनी बोट काढलं.

त्या वर्षापासून वर्गात सुई अशीच दिली जाते. नव्या बायका विचारतात, काहून असं? कोणी सांगत नाही. याडी म्हणतात, असंच असते. बालवाडीला पहिल्या दिवशी सरळ टाक्याआधी हे शिकवलं जातं. भिंतीवरच्या तक्त्यात ते नाही. मी त्यावर पत्रक लिहायला दोन-तीनदा बसले. पहिली ओळच होत नाही. सुई हातात द्या, हे मला अजूनही पटतं, आणि कोणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण माझा स्वतःचा हातही आता आपोआप कापडाकडे जातो.

परवा यंदाचा वर्ग सुरू झाला. त्यातली एक शिकाऊ बाई ललिता आहे. शेवंताकाकूंनी तिला बालवाडीत बसवलं, माझ्या शेजारी. मी अजून तिथंच आहे. तिची मुलगी दारातल्या उन्हात बाहुलीला चिंध्यांत गुंडाळत होती. आम्ही दोघी कोणाच्या तरी येणाऱ्या नातवाची गोधडी शिवत होतो आणि कड संपल्यावर ललिताने सुई माझ्यासाठी खोसली. बोट माथ्यावर. मी पकडली. ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. बोटाचं टोक दाबून दाबून पांढरं झालं होतं.

"घेतली?"

"घेतली गं."

"दाखव."

मी दाखवली. ती कापडावरचं बोट उचलायला तरीही विसरली.